आसाफची खुर्ची

चार्लव्हिलच्या पुढे, मेंढ्यांची शेड
१४ मार्च

चि. तिरसा हिस दादाचा सलाम व अ. आ. वि. वि.

हे पत्र दूधगाडीवाल्या नॉरिसकाकांच्या हातून येतंय, म्हणजे वस्तीची सगळी पत्रं उघडणारे ओबद्याबाबा ते जेवणघरात मोठ्यानं वाचणार नाहीत. मागच्या पत्रातल्या माझ्या चुकांवर अख्खी वस्ती हसली म्हणे. हसा. इथे तिसरी शिकलेला मीच सगळ्यांचे अर्ज लिहितो.

रोज शंभरावर मेंढ्या कातरतो. मजुरी थेट वस्तीच्या पेटीत जाते, मला नव्या बुटांपुरतीही मिळत नाही. पण रविवारी चोरून केलेल्या कामाचे पैसे ठेकेदारानं हातात दिले. त्याचंच हे बसचं तिकीट. ईस्टरला तू अठराची होशील आणि ओबद्याबाबा वस्तीच्या कागदावर तुझी सही घेतील. मग तू, तुझं काम, तुझं नाव, सगळं वस्तीचं. मी सही केली तेव्हा वाटलं होतं, नुसता कागद तर आहे.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी काकांच्या गाडीतून नीघ, पुढे बसनं ये. इथल्या थांब्यावर मी असेन. आईला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला समोर ये.
तुझा दादा,
आसाफ

वस्ती
२७ मार्च

ती. दादास तिरसाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पण दादा, तू तर मागच्या रविवारीच परत आलास.

रागावू नकोस, नीट सांगते. प्रार्थनेनंतर ओबद्याबाबांनी एका परक्या तरुणाला तुझ्या खुर्चीवर बसवलं, पाठीला तुझं नाव रंगवलेलं आहे त्याच. म्हणाले, आसाफ घरी आला. नाव वस्तीचं असतं, माणसाला नुसतं वापरायला दिलेलं. मला फस्सकन हसू आलं. दुसरं कुणीच हसलं नाही. आईनं त्याला भोपळ्याचं सूप वाढलं आणि म्हणाली, किती रे वाळलास.

दोन दिवस मी त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी पाव मागताना तोंडून दादा निघून गेलं. त्यानं काय गं तिरसू म्हणून वळून पाहिलं. तसं तूच म्हणायचास ना? हल्ली मला नक्की आठवत नाही.

तिकीट आसाफनं पाठवलेलं, म्हणून मी त्यालाच देऊन टाकलं. त्यानं ते पेटीत टाकलं. बाबा हसले. म्हणाले, त्या लिहिणाऱ्याला कळव, मीखाकाका वारले, त्यांची खुर्ची मोकळी आहे, यायचं तर ये म्हणावं.

तुम्ही जे कुणी असाल, वेळेवर जेवत जा. लोभ असू द्या.
तिरसा

शेड
६ एप्रिल

चि. तिरसा हिस अ. आ.

शनिवारी शेवटची बस जाईपर्यंत थांब्यावर उभा होतो. परत आलो तर तुझं पत्र. ठेकेदारालाही वस्तीचं पत्र आलंय, की आसाफ घरी पोचला, हजेरीतून त्याचं नाव काढून टाका. तो थट्टेत म्हणाला, मग तू रे कोण? तेव्हापासून पोरं मला नुसतं ए म्हणतात, आणि मी ओ देतो.

मी येतोय. मीखाकाकांच्या खुर्चीत बसेन, ती तुझ्या समोरच आहे. बाबा म्हणतील ते म्हणेन, म्हाताऱ्यासारखा खोकेनसुद्धा. तू फक्त सही टाळ. ताप आला म्हण, हात फडक्यात बांधून फीर. आणि रोज जेवताना माझ्याकडे बघत जा. तुझ्या डोळ्यांत ओळख दिसली की त्याच दिवशी निघू.

मलाच आठवेनासं झालं, तर तू आठवण दे.

हे पत्र तरी कुणाला दाखवू नकोस.
तुझा,
मीखा