मान तूच डोलावलीस

बुधवार, पाच फेब्रुवारी, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेळ मुद्दाम सगळ्यात वर लिहिली आहे, म्हणजे उद्या "कधी बुवा, मला तर आठवत नाही" म्हणायची सोय तुला राहू नये. या वेळी तुझ्या शाळेचा शिपाई माझ्या वर्गाच्या दारात आला आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी असताना माझ्या पाठीला उद्देशून म्हणाला, की ही खोली उद्यापासून मोडक्या बाकांसाठी लागणार आहे. मोडके बाक गेली कित्येक वर्षं जिन्याखाली सुखाने नांदत होते. त्यांना अचानक खिडकीची हौस कुठून आली, ते शिपायाला सांगता येईना.

तर, चि. बाळूस ताईचे अनेक आशीर्वाद. (पाकिटावर "माननीय मुख्याध्यापक" असंच लिहिलं आहे, काळजी करू नकोस. कारकुनासमोर तुझी अब्रू शाबूत आहे.) तुझा घसा कसा आहे? हल्ली त्याला बरीच विश्रांती मिळते असं ऐकते. गुडघ्याला तेल लावतोस की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघतोस? तुझ्या बायकोला सांग की तिने विणलेला स्वेटर पोचला आणि अंगाला बसला. एक बाही दुसरीपेक्षा जरा महत्त्वाकांक्षी आहे, पण ती मी दुमडून घेते. माझी तब्येत ठणठणीत आहे. रागावले की ती नेहमीच सुधारते, आणि बुधवारपासून तर मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते आहे.

आता मुद्द्यावर येते. पण त्याआधी हे सांगायला हवं की वर्ग घ्यायला मी तुझ्या दारात आले नव्हते, तू माझ्या दारात आला होतास. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, चहाचे दोन कप रिचवून, दहावीची मुलं निबंधात गटांगळ्या खातात असं तू रडवेल्या आवाजात सांगितलंस. मुलांना मत मांडता येत नाही, ताई, तू घरी बसून करतेस तरी काय, असं तूच म्हणालास. मी घरी बसून काय करते हा प्रश्न उद्धट होता, तो मी सोडून दिला. वीज कचेरीच्या तक्रार विभागात मी जन्म काढला. लोक चार-चार पानं लिहायचे. पहिल्या पानावर साहेबांची स्तुती, दुसऱ्यावर स्वतःच्या घराण्याची, तिसऱ्यावर शेजाऱ्याची निंदा, आणि चौथ्याच्या तळाशी, सही मारता मारता, की गेला आठवडाभर घरात अंधार आहे. अशी तक्रार साहेब पहिल्या पानावरच बाजूला ठेवायचे आणि तो माणूस आणखी आठवडाभर अंधारात बसायचा. म्हणून मुलांना मुद्दा मांडायला शिकवणं हे माझ्या मते निबंधाचं काम नव्हे, उजेडाचं आहे. (हे वाक्य तुझ्या भाषणात वापरू नकोस.)

पहिल्या दिवशी मी विषय दिला: शाळेत मोबाइल आणू द्यावा का? विषय फळ्यावर पुरता उमटायच्या आत सगळी डोकी वहीत. विचार करायला एकही मूल थांबलं नाही. वह्या गोळा करून पाहते तर सगळ्यांची सुरुवात एकच: आजच्या विज्ञानयुगात मानवाने प्रगतीची अनेक शिखरे पादाक्रांत केली आहेत. आणि शेवटही एकच: मोबाइल हा शाप की वरदान हे ज्याचे त्याने ठरवावे. मी एकेकाला म्हटलं, अरे, ठरवायचं तुला सांगितलं होतं ना? ते काम माझ्यावर ढकलून तू घंटेची वाट बघत बसलास. मी सगळ्यांची पेनं काढून घेतली आणि बिस्किटांच्या डब्यात घालून डबा टेबलावर ठेवला.

पुढचे कित्येक दिवस पेन नाही. आमच्या कॉन्व्हेंटात एक उंच सिस्टर होत्या, त्यांची ही रीत. आधी तुझं मत एका श्वासात सांग. दुसरा श्वास घ्यावा लागला तर मत अजून शिजलेलं नाही, जाऊन बस. ते जमलं की कारणं सांग, आणि प्रत्येक कारणामागे तू स्वतः पाहिलेलं काहीतरी हवं. "असे म्हणतात" चालायचं नाही. आणि मग सगळ्यात अवघड पायरी. खिडकीकडे एका मताची मुलं, दाराकडे दुसऱ्या. खिडकीवाल्याने दारवाल्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. ते ऐकून दारवाल्याने मान डोलावली, की मला हेच म्हणायचं होतं, तरच खिडकीवाल्याला उत्तर देण्याचा हक्क. मान हलली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. या पायरीवर भलेभले आडवे झाले. तुझा तो फुटबॉलचा कप्तान तर म्हणाला की समोरच्याचं इतकं चांगलं मांडलं तर मग आपण भांडायचं कशाला. मी म्हटलं, आता तू विचार करायला लागलास, बस खाली.

याचे घरोघरी काय परिणाम झाले ते तुझ्या कानावर आले असतीलच. एक आई मला भाजीबाजारात गाठून म्हणाली, "बाई, तुम्ही पोराला काय शिकवलंय? पूर्वी मी ओरडले की दार आपटून जायचा. आता शांत उभा राहतो. माझं सगळं बोलणं माझ्यापेक्षा नीट बोलून दाखवतो आणि विचारतो, हेच ना? मी हो म्हणते. आणि मग तो सुरू होतो." मी तिला म्हटलं, अहो, मग तुमची बाजू आणखी भक्कम करा. तिने भेंडी निवडण्यात मन रमवलं.

आणि आता त्या मुलीबद्दल, जिच्यामुळे हे पत्र एवढं तिखट होतं आहे. वर्गात तिला कुजबुज म्हणतात, कारण तिचा आवाज बाकाच्या पलीकडे जात नाही. वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे, बाजाराच्या कोपऱ्यावर, तूही तिथेच जातोस. दहावी झाली की तिला काउंटरवर बसवायचं असं त्यांनी ठरवलं आहे. माणूस वाईट नाही, दुष्ट तर नाहीच. त्यांचं म्हणणं एवढंच, की जिला चारचौघांत तोंड उघडता येत नाही ती कॉलेजात जाऊन काय करणार, कोपऱ्यात बसून रडणार, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर असलेली बरी. मुलीला शिकायचं आहे. म्हणून ती घरी मांडायला आपली बाजू वर्गात तयार करत होती. मत झालं होतं, एका श्वासात. कारणं झाली होती. बुधवारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी तिच्या वडिलांचं म्हणणं फळ्यावर लिहीत होते आणि त्याला उत्तर काय हे सगळा वर्ग मिळून शोधत होता. तेवढ्यात तुझे मोडके बाक आले.

ते का आले हे तुला ठाऊक आहे, मलाही आहे, आणि आता शिपायालाही आहे. तरी तुझ्या माहितीसाठी क्रमाने लिहिते.

गेल्या आठवड्यातल्या शाळेच्या वार्षिक सभेसाठी वर्गाने मिळून एक निबंध करायचा ठरलं. विषय मुलांनी निवडला: सकाळच्या प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांचं रोजचं भाषण असावं की नसावं. मी चष्मा पुसला. विषय चांगला होता, मुलांच्या रोजच्या आयुष्यातला होता, उन्हात उभं राहून कमावलेला होता. मी कोण नाही म्हणणारी? त्यांनी फाटकापाशी उभं राहून मुलांना विचारलं की आजचं भाषण कशावर होतं. बहुतेक म्हणाले, शिस्तीवर. त्या दिवशी तू पक्ष्यांवर बोलला होतास. एकाने स्पष्टच सांगितलं की त्याने ऐकलं नव्हतं, पण शिस्त म्हटलं की सहसा चुकत नाही.

मग रीतीप्रमाणे समोरच्या बाजूचं म्हणणं गोळा करायला दोघं तुझ्या खोलीत आली. कुजबुज आणि कप्तान. सर, तुमचं भाषण रोज का असलं पाहिजे, याची सगळ्यात चांगली कारणं सांगा, असं त्यांनी विचारलं. शब्दन्‌शब्द खरा प्रश्न. तुला वाटलं तुझा सत्कार चालला आहे. तू त्यांना खुर्च्या दिल्यास, सरबत मागवलंस, पुढची तासिका बुडवलीस, आणि ती गेल्यावर संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून कळवलंस की सभेला नक्की या, मुलांनी माझ्यावर काहीतरी लिहिलं आहे. (हे मला कारकुनाने सांगितलं. त्याच्यावर डोळे वटारू नकोस, ते त्याने अभिमानाने सांगितलं होतं.) समोरच्याची बाजू मन लावून ऐकणारी मुलं ही आपल्याच बाजूची असतात, असं फक्त ज्याचं कधी कोणी ऐकलं नाही त्यालाच वाटतं. तुला तसं वाटलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. फार नाही.

सभागृह भरलेलं. कुजबुज माईकसमोर आली. पहिल्याच वाक्यात मत: हे भाषण रोज नसावं. तुझा चेहरा मी तिसऱ्या रांगेतून पाहिला. तुला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कारणं, मग पक्षी आणि शिस्त, त्यावर मागचे पालक हसले. आणि मग ती म्हणाली की आता सरांची बाजू. सर म्हणतात, मुलांना दिवसातून एकदा तरी कोणीतरी पुस्तक न उघडता, गुण न देता, नुसतं माणूस म्हणून काही सांगायला हवं. घरी ते सांगायला कोणाला वेळ नसतो. बाळू, ती हे इतकं नीट म्हणाली, की तू गेल्या वीस वर्षांत ते तसं म्हटलेलं नाहीस. तुझे डोळे पाणावले. आणि तू मान डोलावलीस. एकदा नाही, दोनदा. ती तुझ्याकडे बघत थांबली होती, मान हलेपर्यंत थांबायचं हा नियमच आहे. मान हलली आणि तिने उत्तर दिलं: सरांचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच ते रोज एकाच माणसाने सांगू नये.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सोमवार सरांचा, बाकीचे दिवस मुलांचे. टाळ्या पडल्या. तू पण वाजवल्यास, ओठ घट्ट मिटून.

यात माझा अपराध कोणता? मुलांनी तुझी थट्टा केली नाही, नक्कल केली नाही, तुझं म्हणणं कापलं नाही की वाकवलं नाही. तुला मुलांना मत मांडता यायला हवं होतं, त्यांना आलं. ते मत तुझ्याबद्दल निघालं याला मी काय करू? मीटर दुरुस्त करून द्या म्हणायचं आणि मग तो फिरला म्हणून ओरडायचं, अशी गिऱ्हाइकं आमच्या कचेरीतही यायची. तेव्हा खोली मोकळी कर, बाक परत जिन्याखाली पाठव आणि फळा पुसू नकोस. परीक्षा तोंडावर आहे आणि मुलांची पेनं अजून माझ्या डब्यात आहेत.

तुझी,
ताई

ता. क. फळा पुसला गेला असं आत्ताच कळलं. हरकत नाही, मला पाठ आहे.

ता. क. दुसरा. हे पाकीट बंद करून टपालात टाकायला निघाले होते, वाटेत चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला त्या दुकानात शिरले. (काडी ढिली नव्हती.) कुजबुजने आदल्या रात्री जेवताना आपली बाजू मांडली होती. वडिलांनी ऐकून घेतलं, सोमवारी भरायचा कॉलेजच्या आगाऊ नोंदणीचा अर्जही समोर ठेवून घेतला, सही मात्र केली नाही. सभेच्या दिवशी ते दुकानातच होते, म्हणून मी त्यांना सभागृहातलं सगळं सांगितलं. माझा चष्मा हातात धरून ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या बाजूच्या. आई तिच्या बाजूची. मैत्रिणी तिच्या बाजूच्या. माझी पोर भरल्या सभेत बोलली, हे समोरच्या बाजूचं कोणी येऊन सांगेल तर मी मानेन." माझीच मान हलली.

तेव्हा बाळू, वर खोलीबद्दल, बाकांबद्दल आणि तुझ्या भाषणांबद्दल जे काही लिहिलं ते सगळं खरं असलं तरी सध्या बाजूला ठेव. बाक राहू देत खोलीत, मी वर्ग जिन्यात घेईन. समोरच्या बाजूचा माणूस जगात एकच आहे आणि तो तू. शनिवारी त्या दुकानात ये आणि सांग, की या मुलीने मला सगळ्यांसमोर हरवलं आणि मला ते पटलं. तुला हे जड जाणार हे मला माहीत आहे, लहानपणी पत्त्यात हरलास तरी तू पंधरा दिवस बोलायचा नाहीस. पण एवढं मन लावून ऐकणारा श्रोता तुला पुन्हा मिळायचा नाही. दुकान संध्याकाळी पाचला उघडतं. आत एकच खुर्ची आहे, गिऱ्हाइकाची, ती तुझ्यासाठी सोडायला सांगितली आहे. बोलायला वेळेचं बंधन नाही. पाकीट आता टपालात न टाकता शिपायाच्याच हाती देते आहे, तेव्हा येतोस की नाही ते लेखी, सहीनिशी, शनिवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.