पूजेतली लेखणी

देवपूर, धुळे
२ नोव्हेंबर १९८८

ती. अक्कास,

गुलाबचा सलाम आणि सा. न. दोन्ही. तुला चालेल तो घे.

बाप्तिस्म्यानंतरची ही दुसरी दिवाळी. पास्टरसाहेब म्हणतात, तुमच्या कायस्थ हिशेबनिसांच्या घरी सुवार्ता घेऊन तूच जा. गेलो होतो. मामांच्या ओट्यावरून चप्पल न काढताच परत फिरलो. मग खोलीवर सगळ्यांसाठी प्रार्थना केली, आबांचं नाव सर्वांत आधी. खोली खायला उठते गं. भाऊबीजेला येऊ का? आबांना विचार.

माया पातळ करू नकोस.
तुझा, गुलाब

पारोळा
५ नोव्हेंबर

चि. गुलाबास अनेक आशीर्वाद.

विचारलं. आबा म्हणाले, मला मुलगा नाही. पूजेत त्याची लेखणी मांडायची नाही, हेही बजावलं. लक्ष्मीपूजनाला लेखणी ठेवली की भाऊबीजेच्या चित्रगुप्ताच्या पूजेपर्यंत आपल्यात कुणी अक्षर काढत नाही. पण त्याला आता कसलं बंधन, ऐन पाडव्याला पत्र खरडेल, असं टोचून बोलले. मेल्या, खरडच! ओवाळायला मला दुसरं आहे कोण? खिचडीचा लगदा अजून करतोस का?

अक्कावर रागावू नकोस.
प्रमिला

धुळे
१२ नोव्हेंबर

ती. अक्कास सलाम, नमस्कार.

पाडव्याचं पत्र नाही म्हणून चिडली असशील. कागद घेऊन बसलो होतो गं, हातच चालेना. मिशनच्या ऑफिसातल्या पावत्याही तशाच राहिल्या. पास्टरसाहेब हसले, म्हणाले, प्रभूनं तुला मोकळं केलं ना? केलंय, अक्का, त्यात खोट नाही. पण बोटांना कोण समजावणार? काल शेजारच्या रहिमाबींनी शेवयांची खीर दिली. एकट्यानं खाताना रडू आलं. तिकडे पूजा झाली असेल, म्हणून आज पेन उचललं.

मला विसरू नकोस.
गुलाब

पारोळा
१८ नोव्हेंबर

चि. गुलाबास आशीर्वाद.

पाडव्यानंतर आबा रोज पोस्टमनची वाट बघत होते. मला वाटलं, तुला पकडायला. पत्र आलं तशी आधी तारीख विचारली. मग सगळं वाचून घेतलं, पावत्यांचं दोनदा. सकाळी बघते तर देवघरात तुझं जुनं शाईचं पेन मांडलेलं, कुंकू लावलेलं. तिथी टळल्यावर आबांनी जन्मात कधी पूजा केली नव्हती रे!

ते पेन पार्सलनं येतंय. कुंकू पुसायचं की ठेवायचं, तुझं तू बघ. ये म्हणाले नाहीत, खोटं कशाला सांगू? पण पार्सलवरचं अक्षर नीट बघ. तुझा पत्ता त्यांनी मला विचारला नाही. त्यांना पाठ होता.

प्रार्थनेत माझंही नाव असू दे.
तुझी, अक्का