चित्रा मध्येच हसते

सोमवार, १२ जुलै १९५४
चित्राला कडेवर घेऊन शाळेत. आठ वर्षांची झाली, जड होते आता. नौपाड्यातला रस्ता म्हणजे नुसता चिखल! मुलं बसकरांवर, ही भिंतीशी — पाठीला उशी, कमरेला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी. मी मागे बसून राहते. बाईंनी हजेरी घेतली, तिचं नाव घेतलं नाही. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

मंगळवार
पोळ्या. धुणं. कपडे वाळले नाहीत.

बुधवार, १४ जुलै
कल्याणहून वन्सं आल्या. "मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले रे?" यांनीच सांगितलं — जन्मताना गुदमरली, मेंदूला इजा झाली, म्हणून हातपाय आणि जीभ ताब्यात राहत नाहीत. बुद्धीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बघत राहा."
"बघायचंय काय त्यात!" वन्सं म्हणाल्या. "हिला बिचारीला काही कळत नाही, म्हणून सुखी आहे."
चित्रा खदखदून हसली. लाळ फ्रॉकवर. "बघ!" — वन्सं. मी लाळ पुसली. चहा टाकला.

शुक्रवार, १६ जुलै
शाळा सुटल्यावर बाईंनी थांबवलं. वाईट नाहीत त्या. खाली बघत बोलल्या — "वासंतीबाई, पाढे चालू असले की ही मध्येच हसते. मुलं बिथरतात. हिला बोलता येत नाही, लिहिता येत नाही, परीक्षा कशी घेऊ? सोमवारपासून नका आणू."
बरं म्हटलं. घरी येऊन भांडी घासली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दगड झालेय नुसती.

शनिवार, १७ जुलै
दिवेलागणीला सुधीरचा परवचा. शुभंकरोति झालं, मग पाढे. लेक माझा गुणाचा, पण पाढ्यांच्या नावाने बोंब! सतरा चोक अठ्ठावन्न म्हणाला. चित्रा हसली.
"आई, बघ ना गं, ही हसते!"
पुन्हा म्हण म्हटलं. पुन्हा अठ्ठावन्न. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा अडुसष्ट म्हणाला — ही गप्प!
हातातली वात हातातच राहिली. मी म्हटलं, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. नुसती बघत राहिली. तेरा सत्ते ऐंशी. मान मागे टाकून हसली! मग एकोणिसाचा घेतला. त्यात मीच एकदा चुकले, आणि ते मुद्दाम नव्हतं. ती हसली तेव्हा मला कळलं.
"अगं, तुला येतात?"
तिचं अंग ताठलं, हात वेडेवाकडे उडाले, तोंडातून फक्त "आ" आला. मी ओक्साबोक्शी रडले. सुधीर घाबरला.

रविवार, १८ जुलै
उद्या चित्राला घेऊन शाळेत जाणार. बाईंना सांगणार — पाढा तुम्ही म्हणा, मधेच चुका, आणि हिच्याकडे बघा. झाली परीक्षा.
आत्ता तिला भात भरवताना आठवलं. बुधवारी, वन्संच्या बोलण्यावरही ती अशीच हसली होती.