तपासून ठेवलेला विश्वास

मी, सोजरबाई इंद्रभान पडघान, वय ७१ वर्षे, धर्म बौद्ध, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करून ठेवते. मजकूर मी सांगितला, वकिलांनी उतरवला. जिथे त्यांची भाषा फार जड झाली तिथे मी ती खोडायला लावली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती इंद्रभान २०११ साली वारले. मुलगा विनोद हयात आहे. मुलगी राखी १९८८ साली आठ वर्षांची असताना कावीळ होऊन गेली. कायद्याने तिला वाटा नाही, पण पुढच्या कलमांची कारणे तिच्यापासून सुरू होतात, म्हणून तिचे नाव या कागदात हवे.

२. मेडशी शिवारातील माझे दोन एकर शेत आणि पोस्टातील शिल्लक विनोदची मुलगी योगिनी हिला. शेत तिने करावे, ठेक्याने द्यावे किंवा विकावे. शिलाई मशीन शेजारच्या हेमलाला. माझी मैत्रीण अमीनाबी या कागदावर साक्षीदार आहे, त्यामुळे वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिला काही ठेवता येत नाही. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मले तुयं काय पायजे, सोजर?"

३. राखीचे डोळे पिवळे झाले तेव्हा इंद्रभान तिला एका वैदूकडे घेऊन गेला. मीही सोबत होते. वैदूचे गाव लिहीत नाही, त्याची नातवंडे तिथे दुकान चालवतात. त्याने राखीच्या हातांना कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्याने हात धुतले. पाणी पिवळे झाले. "उतरून राह्यली पाहा," तो म्हणाला. काड्यांची एक माळ दिली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरेल, असे सांगितले. माळ राखीच्या गळ्यात मी घातली. तीन दिवसांत काड्या वाळून ती बेंबीपर्यंत आली. चौथ्या दिवशी राखी हाक मारली तरी ओळख देईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी ती वाचली असती असे म्हटले नाही. आधी आणली असती तर प्रयत्न करता आला असता, एवढेच म्हणाले.

महिन्याने मी अमीनाबीला घेऊन त्याच वैदूकडे गेले. ती बांगड्या विकायची. दोघी ठणठणीत होतो. त्याने दोघींचे हात तसेच धुतले, आणि दोघींचेही पाणी पिवळे झाले. अमीनाबी म्हणाली, "मले कुठं कावीळ हाय, बावा? मी तं सकाळीच तीन भाकरी खाल्ल्या." तो म्हणाला, "आतमधी असते."

इंद्रभानला हे त्याच संध्याकाळी सांगितले. मरेपर्यंत तो त्या पाण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. माझा त्याच्यावरचा राग मी इथे सोडते. माळ घालणारे हात माझे होते.

४. पुढची पंधरा वर्षे मी कशावरच विश्वास ठेवला नाही. विहारात जायची, मागे बसायची, उठून यायची. २००३ च्या पावसाळ्यात वर्षावासासाठी एक वृद्ध भंते विहारात राहायला आले. मी त्यांना विचारले, "भंतेजी, तुमच्यावर तरी भरोसा काहून ठेवू?"

त्यांनी विचारले, "अंगणवाडीत मुलांचं वजन कसं करता?"

"काट्यावर."

"काटा बरोबर आहे, हे कशावरून?"

"पह्यले पाच किलोचं माप टांगून पाह्यतो."

"मग माझं बोलणंही टांगून पाहा. पण टांगावं तर लागेल. दुरून पाहून काटा कळत नाही."

त्यांनी रोज पहाटे तासभर फक्त श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले. दोन महिने नुसते गुडघे दुखले. तिसऱ्या महिन्यात राखीचे डोळे समोर आले, आणि मी उठून न जाता बसून राहिले. दुःख चढले आणि उतरले. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले. बुद्धाने दाखवलेला सगळा रस्ता मी चाललेली नाही. जेवढा चालले तेवढा खरा निघाला, म्हणून पुढच्यावर विश्वास ठेवते. माझी श्रद्धा एवढीच आहे.

५. विनोद विहार समितीचा अध्यक्ष आहे. निर्व्यसनी आहे, लोकांच्या मदतीला धावतो. २०१७ साली हेमलाला कावीळ झाली. ती तेव्हा शेजारच्या घरात नवी सून होती. विनोदने तिच्या मनगटाला परित्राणाचा, म्हणजे रक्षणाची सुत्ते म्हणून दिलेला, धागा बांधला, मंतरलेले पाणी दिले आणि घरच्यांना तीन दिवस थांबायला सांगितले.

मी त्याला अडवले. तो म्हणाला, "धाग्यानं काय नुकसान होते, माय?"

"दिवस जाते, विनू."

"तू आपला धागा अन् त्या वैदूची माळ एक करून राह्यली."

"बुद्धानं आजारी मानसाले थांब म्हनलं, असं कुठं हाय ते दाखव मले."

मी जीप बोलावून हेमलाला वाशिमला दवाखान्यात नेले. अठरा दिवसांनी ती घरी आली. धाग्याने वाचली, असे विनोद आजही सांगतो आणि तिची सासूही तेच सांगते. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो.

६. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाचे जेवण साधे ठेवावे. माझा मोठा फोटो करू नये.

७. विहाराला लागून असलेले माझे राहते घर, मागच्या मोकळ्या जागेसह, विनोदला. तो तिथे विहाराचे सभागृह करणार आहे, हे मला ठाऊक आहे. पहिल्या मसुद्यात मी एक अट घातली होती: या जागेत आजारी माणसाला धागा किंवा पाणी देऊन थांबवू नये, थांबवल्यास घर योगिनीकडे जावे. दोन आठवडे मी ती अट वाचत राहिले, मग काढायला लावली. विनोद माझा शब्द मोडणारा नाही. त्याने ती पाळली असती, पण आईने लिहिले म्हणून पाळली असती. घर बिनशर्त देत आहे. आजारी माणूस दारात येईल तेव्हा काय करायचे, ते त्याने स्वतः पाहून ठरवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सोजरबाई इंद्रभान पडघान

साक्षीदार:
१. उदयसिंग राठोड, निवृत्त शिक्षक, मेडशी (सही)
२. अमीनाबी शेख निजामुद्दीन, मेडशी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: मेडशी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५