मोठ्याने वाचण्याची सवय

आई, नोकरीचं पत्र परवा आलं. बाबांनी पहिला पेढा तुझ्या फोटोसमोर ठेवला आणि म्हणाले, "हिला हिच्या आईनं शिकवलं, म्हणून." तेव्हापासून तुला काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतंय.

दम्यामुळे मी तिसरीपर्यंत घरीच होते. वाकोल्याच्या त्या खोलीत तू भाकऱ्या थापायचीस आणि मी पाटावर बसून वाचायचे. मनात वाचू लागले की तू ओरडायचीस, "मोठ्यान वाच गो! माझे हात पिठात, माका कसा कळतला?" मग माझंच वाक्य मला ऐकू यायचं आणि चूक असली की कानाला टोचायची. शाळेतल्या बाईंनी व्याकरणाचे नियम पाठ करून घेतले, तेव्हा तू नव्हतीस. पण अजून मला नियम आठवत नाहीत. वाक्य ओठांवर आलं की मगच कळतं.

भरतीची परीक्षा घाटकोपरच्या एका शाळेत होती. चार वाक्यं दिलेली, त्यातलं शुद्ध निवडून त्याचा क्रमांक लिहायचा, असे पन्नास प्रश्न. मी एकेक वाचत जाते. वर्ग इतका शांत आहे की पंखा ऐकू येतोय. अचानक पर्यवेक्षक बाई माझ्या मागच्या बाकापाशी उभ्या.

"काय गं, हिच्याकडून उत्तरं घेतेस?"

"मी नाही मॅडम, हीच बोलतेय कधीपासून."

"आणि तू लिहितेस!"

"ऐकू येतं तर काय कान कापून ठेवू?"

वर्ग हसला. बाईंनी तिचा पेपर ओढून घेतला आणि मला विचारलं, "तू सांगत होतीस हिला?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण मी वाक्यं पुटपुटत होते, बरोबर वाटेल त्याचा क्रमांकही, हे म्हटलं नाही. तेवढं एक वाक्य बोलले असते तर कदाचित माझाही पेपर गेला असता. गिरणी बंद झाल्यापासून बाबा चारकोपला एका कारखान्यात रखवालीला जातात, पाय सुजवून घरी येतात. तेव्हा मला त्यांचे पाय आठवले, असं मी स्वतःला सांगते. खरं तर काहीच आठवलं नाही. नुसती भीती वाटली.

सुटल्यावर ती फाटकापाशी उभी होती. माझ्याच वयाची, हातात रिकामी पिशवी.

"तुझं झालं ना नीट? झकास. आता मी घरी काय सांगू, ते पण सांग ना."

मी मान खाली घालून निघून आले. तिचं नावही विचारलं नाही.

सोमवारी कामावर रुजू व्हायचंय. बाबा विचारत होते, परीक्षेत काही गडबड झाली होती म्हणे? मी म्हटलं, "मागची मुलगी कॉपी करत होती." तुलाही आधी मी तेच लिहिलं होतं, आई. तो कागद फाडून हा दुसरा घेतला.