मोटर बघायला गेलेली बाई

२२ नोव्हें., शनि.
पुण्याहून आणलेल्यातला एक कॅन आज फोडला. गच्चीत, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. गव्हाची बिअर, संत्र्याची साल आणि धणे घातलेली. ग्लास गार पाण्याने विसळला, तिरका धरून ओतली, वर बोटभर फेस. पहिल्या घोटाला आठवडाभरच्या मीटिंगा अंगावरून उतरल्या.

आई वाळलेले कपडे काढायला वर आली. ग्लास हातात घेऊन वास घेतला, सरबतासारखा शे म्हणाली. मग शेजारच्या गच्चीकडे बघून हळूच, "पे, पन खाल बठीसन पे."

खाली नाही गेले. घटस्फोट घेऊन पिंप्राळ्याच्या या घरी परत आले त्याला वर्ष होत आलं. नोकरी तीच, फक्त लॅपटॉपवर. बाकी सगळं जपून चालू आहे. मोठ्याने हसायचं नाही, कॉलनीत कोणी विचारलं तर सुट्टीवर आलेय म्हणायचं. हे एक जपून करणार नाही.

२४ नोव्हें., सोम.
कॅन सापडले. भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली. आईचं काम. काढून फ्रिजच्या दारात ठेवले, ताकाच्या बाटलीशेजारी. संध्याकाळी परत मेथीखाली. परत काढले.

आबा नेहमीसारखे 'चक्कर मारून' आले, बडीशेप चघळत. ही चक्कर हायवेजवळच्या परमिट रूमपर्यंत जाते हे कॉलनीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मी शाळेत होते तेव्हापासून. घरात मात्र आजवर एक थेंब नाही, याचा त्यांना केवढा अभिमान.

२६ नोव्हें., बुध.
आबांनी फ्रिज उघडला, बघितलं, बंद केला. हे घरात नको म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीही घेताच. तर म्हणे, मी घरात घेत नाही. जसं काही यात सगळा न्यायनिवाडा आला. मग मी कुठे घ्यायची? यावर बातम्या लावल्या.

पुण्यात शुक्रवारी ऑफिसच्या चौघी-पाच जणी जायचो. मोठ्या टाक्या समोरच, तिथेच बनवलेली बिअर, तिथेच प्यायची. कोणी मान वर करून बघायचं नाही. इथे बार आहेत भरपूर. बाई दिसली की वरच्या मजल्यावर पडद्याआड, 'फॅमिली'. तिथे एकटीने बसायचं म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं.

३० नोव्हें., रवि. (धुळे)
आबांच्या धाकट्या भावाच्या, नानाकाकांच्या मळ्यात भरीत पार्टी. सगळं खानदान. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर वांगी, मग लाकडी बडगीत ठेचणं, कांद्याची पात, मिरच्या. धूर डोळ्यांत, पण वासाने जीव वेडा होतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटायला मी आणि आई.

जेवणाआधी नानाकाकांनी नेहमीची हाक दिली, "चला रे, मोटर बघी येऊत." आणि सगळे पुरुष उठून विहिरीकडे. दर वर्षी हेच. विहिरीजवळच्या खोलीमागे बाटल्या आणि स्टीलचे ग्लास, तोंडाला मात्र मोटर. आणि मोटर गेल्या उन्हाळ्यातच जळाली. सकाळीच नानाकाका सांगत होते, पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून घेतात. जळक्या मोटरीचं एवढं दर्शन कोणी घेत नसेल. बायकांना सगळं माहीत. लाटणं थांबत नाही.

माझं थांबलं. बर्फ वितळलेल्या पिशवीतून माझा कॅन काढला. आईला म्हटलं, मीपण मोटर बघून येते. तिने वर बघितलं नाही. हातातला गोळा मात्र तसाच दाबून धरला.

मी गेल्याबरोबर सगळे ग्लास पाठीमागे. आबा केळीच्या उलट्या क्रेटवर बसलेले. नानाकाका म्हणाले, "तू आठे काय करी ऱ्हायनी?"

"मोटर बघते."

हौदाच्या काठावर बसले आणि फोडला. एक मामा हसले, लगेच खोकले. आबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. पूर्ण प्यायले, हळूहळू. खरं सांगायचं तर कोमट झाली होती आणि चव कळलीच नाही. पण उठले नाही. रिकामा कॅन हातात घेऊन सगळ्यांसमोरून परत आले.

काकू, पुऱ्यांचं ताट माझ्याकडे सरकवत, अगदी हळू म्हणाली, "कडू लागस का गं?" थोडी, म्हटलं. तिने मान हलवली आणि तळायला लागली.

१ डिसें., सोम.
नानाकाकांचा फोन. १४ तारखेला धुळ्याला प्रियाचा, त्यांच्या मुलीचा साखरपुडा. व्याह्यांपुढे शोभा नको. तर मी आधी फोन करून सगळ्यांची माफी मागायची, नाहीतर यायचं नाही. वर हेही म्हणाले की असल्या गुणांमुळेच नवऱ्याने टाकली.

टाकली नाही. मी सोडला. तो थेंबाला शिवत नसे, चहाच्या कपावर बशी झाकून ठेवणारा निर्व्यसनी माणूस होता, आणि त्याच्या शेजारी माझा श्वास कोंडत होता. हे कोणाला सांगायचं?

आबा फोनवर सगळं ऐकून 'बरं' म्हणाले. ना. का.चं काही लागलं नाही मला. ते 'बरं' लागलं.

४ डिसें., गुरु.
आबा जेवताना: फोन कर, चूक झाली म्हण, विषय संपला. मी म्हटलं, मोटर बघायला गेलेल्या प्रत्येकाने मागावी माफी, ओळीने. शेवटचा नंबर माझा.

त्यांनी हात धुतला. म्हणाले, "मग या घरात ते चालणार नाही."

ठीक. कॅन काढून बॅगेत भरले. तुम्ही बसता तिथे येते मग, म्हटलं. त्यांना वाटलं चिडून बोलतेय. चिडलेच होते, पण बोलले ते खरं.

आई रडली. ती रडली म्हणून मला जास्त राग आला. नंतर तिच्याशेजारी बसून मटार सोलले. प्रिया तिच्या अंगाखांद्यावर वाढलीय, ओटी तिच्याच हातून भरायचं ठरलेलं. माझ्यापायी ते बुडेल की काय. हे कोणी तोंडाने बोलत नाही, पण सोलताना तेच डोक्यात.

७ डिसें., रवि.
मेहरूण तलावावर एकटी. बॅगेत कॅन होता, काढला नाही. तिथे बाकावर बसून चोरून प्यायची असेल तर मग ना. का. आणि मी सारखेच. घरी आले. दार लावून, खोलीत प्यायले असते तर कोणाची हरकत नसती, हे आज कळलं. आईची नव्हती, आबांचीही नसती कदाचित. हरकत दिसण्याला आहे. म्हणूनच खोलीत पिणार नाही.

९ डिसें., मंगळ.
गेले.

दिवेलागणीला स्कूटर काढली, हायवेजवळ, त्याच परमिट रूममध्ये. आत टीव्हीवर मॅच, सगळी पुरुषमंडळी.

दाराशीच होते तर आबांचं हसू ऐकू आलं. कोपऱ्यातल्या टेबलावर, दोन मित्रांत. कुणा जुन्या हेडमास्तरांची नक्कल करत होते, चष्मा नाकावर ओढून, आवाज चिरका काढून. मित्र टेबलावर हात आपटत होते. मी हे आबा कधी बघितलेच नाहीत. आमच्या घरात बातम्या बघणारे आबा असतात.

मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि चेहरा मिटला.

वेटर धावत आला, मॅडम, लेडीज वर. मी एकटीच आहे, पडदा नको म्हटलं आणि खुर्ची ओढली. मॅनेजर आले, हात जोडून, फार सभ्य, तुमच्याच सोयीसाठी सांगतोय म्हणाले. माझी सोय मी बघितलीय म्हटलं. आजूबाजूच्या टेबलांवर मॅच कोणी बघत नव्हतं. त्यांनी पुन्हा हात जोडले. आता उठावं लागणार बहुतेक, असं वाटायला लागलं.

आबा उठले. मला वाटलं, निघाले. मॅनेजरजवळ येऊन उभे राहिले. एरवी शुद्ध मराठी बोलणारा माणूस, पण लेकीची ओळख देताना गावची बोली निघाली.

"हाई मन्ही आंडेर शे. तिले आठेच बठू दे."

आणि परत आपल्या टेबलावर. माझ्याकडे बघितलं नाही.

बिअर फक्त स्ट्राँग. दुसरी आहे का विचारलं तर वेटरने दुसऱ्या नावाची स्ट्राँग आणली. अर्धी प्यायले, तोंड वाकडं करत. बिअर घरच्या कॅनमधलीच चांगली, शंभर पटीने, यात वादच नाही. पण मसाला पापड, मॅचवरची भांडणं, कोणीतरी उगाच मोठ्याने गाणं म्हणतंय, हे गच्चीत नाही. मला दोन्ही हवंय. जास्त मागतेय असं वाटत नाही.

निघताना आबा स्कूटरवर मागे बसले. फाटकाशी उतरून बडीशेप पुढे केली. मी नको म्हटलं.

१० डिसें., बुध.
आईला विचारलं, आबा नकला करतात, माहीत होतं? ती कणीक मळत होती.

"लगीन नवं व्हतं तवय करेत."

मळत राहिली. मला भयंकर राग आला. आबांचा, त्या बारचा, सगळ्या चक्कर मारणाऱ्यांचा. घर चांगलं राहावं म्हणून दारू बाहेर ठेवली, आणि तिच्याबरोबर हसणंही बाहेरच ठेवून आले. आईच्या वाट्याला आली बडीशेप. आणि वर हिलाच सांगायचं की लेकीला वळण लाव.

११ डिसें., गुरु.
कॅन परत फ्रिजच्या दारात ठेवले. आईने हलवले नाहीत. आबांनी ताकाची बाटली काढली, ग्लास भरला, बाटली परत कॅनशेजारी ठेवली. हे हो आहे की नाही, विचारणार नाही.

१३ डिसें., शनि.
आबांनी ना. का.ला स्वतःहून फोन लावला. आमच्या दोघींसमोर, उभ्यानेच. "येऊ त तिन्ही येऊ. नही त कोनी नही." तिकडून बराच वेळ बोलणं. व्याह्यांना विचारून कळवतो, असं ठरलं. काय विचारणार? आमच्याकडची एक बाई बिअर पिते, चालेल का?

आबा फोन ठेवून चक्कर मारायला गेले नाहीत. अंगणात झाडांना पाणी घालत बसले, जे सकाळीच घातलं होतं.

१४ डिसें., रवि.
फोन नाही अजून. आईने पहाटेच जरीची नेसून घेतलीय. पदराची पिन काढते, परत लावते. ओटीचं सामान पिशवीत बांधून दाराशी. आबा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर. आता निघालो नाही तर मुहूर्त गाठणं कठीण.

मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी रुसणार नाही. खरंच म्हटलं, आईकडे बघवत नव्हतं. आबा म्हणाले, "बठ."

बसले. साडी मीही नेसलेय. माफी मागणार नाही, आजही नाही. पण आई त्या पिशवीकडे बघते, आणि मी फोनकडे. माफी न मागणं सोपं वाटलं होतं, कारण ते माझं एकटीचं आहे असं वाटलं होतं.

वाजला. ना. का.च. आबांनी फोन उचलला नाही. टेबलावरून माझ्यापुढे सरकवला.

"तू उचल."

उचलते.