नव्या दाताची सोयरीक

३ फेब्रुवारी, सोमवार
समोरचा वरचा दात गेला. म्हणजे अजून तोंडात आहे, पण चिरलाय आणि हलतोय. कारण सुतळी. गिऱ्हाइकाची पातेली बांधली आणि नेहमीप्रमाणे सुतळी दाताने तोडली. आमच्या भांड्यांच्या दुकानात आजोबांपासून सुतळी दातानेच तुटत आली आहे. यात माझी चूक नाही. हल्लीची सुतळीच भलती चिवट.

रविवारी पाटोद्याचे पाहुणे केजला येणार. मुलगी शिवकन्या, शाळेत टीचर. स्थळ कल्याणमामांनी आणलं. आधीच्या सगळ्या मुलींना नोकरीवाला पाहिजे होता. हिने नुसता फोटो बघून होकार कळवला, आणि फोटोत मी हसतोय. आता कशाने हसू?

बायोडाटात माझं वय तेहतीस आहे. त्यात खोटं काही नाही. बायोडाटा जुना आहे.

संकल्प: उद्यापासून कात्री.

४ फेब्रुवारी
दिवसभर तोंड मिटून गल्ल्यावर बसलो. आईने विचारलं, कोण वारलं?

मोबाइलवर उपाय सापडला. इम्प्लांट. सकाळी दात काढायचा, त्याच दिवशी नवा बसवून घरी. बीडला एक मॅडम करतात. पाटोद्याला पत्ता लागणार नाही, आईलाही नाही. महादेव पाठीशी आहे.

कात्री राहिली. दुकानात कात्र्या आहेत, पण त्या विकायच्या, पॅकबंद. विकायच्या मालाला हात लावायचा नाही, हा धंद्याचा नियम.

६ फेब्रुवारी, गुरुवार. बीडहून परत
जाताना मांजरसुंब्याला जुन्या दाताने शेवटचा वडा खाल्ला. जरा भरून आलं.

डॉ. दीपमाला मॅडमनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, हाड चांगलं आहे. ते मला माहीत होतंच, आमचं घराणंच तसं. मग भूल, मग दात काढला, त्याच खड्ड्यात स्क्रू बसवला, वर तात्पुरता दात. मी मनातल्या मनात जप करत होतो. मॅडम म्हणाल्या, जीभ हलवू नका.

हाडाने स्क्रू धरेपर्यंत, म्हणजे तीनेक महिने, या दाताने काही चावायचं नाही, तोडायचं नाही. हा दात सध्या फक्त दाखवायला, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हणालो, मॅडम, मला दाखवायलाच पाहिजे आहे.

सुतळीचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

एसटीत बसल्यावर मोबाइलमध्ये तोंड पाहिलं. तेहतीसचा वाटतो.

८ फेब्रुवारी
ओठ टम्म सुजलाय. आईला सांगितलं, मधमाशी चावली. तिने शेजारच्या छबुबाईंना विचारून ओठावर हळदीचा लेप दिला. आता सुजलेला आणि पिवळा. गोळ्या चालू आहेत.

हे स्थळ हुकलं तर पुढे कुणी येणार नाही. मामा तसं तोंडावर बोलले. आई थकत चाललीये. संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीकडे बघत जेवतो, आणि कधीकधी टीव्ही बंद असतो तरी तिकडेच बघतो. मला भीती वाटते. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे.

महादेवा, एवढं जमव. कात्री नक्की घेतो.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार
जमलं!

सकाळी सूज उतरली. हळद उतरायला थोडा घासणीचा काथ्या लागला. पाहुणे आले, जेवणं झाली, मग आम्हा दोघांना बोलायला खाली दुकानात बसवलं. शिवकन्या स्वतःहून म्हणाली, “मला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. मागून कळण्यापरीस आधी सांगितलेलं बरं. तुमचं हाय का काही तसं?”

मी मोठ्या मनाने कान माफ केला. म्हणालो, “माझ्याकडं लपवण्यासारखं काहीच न्हाई.” आणि हसलो. पूर्ण हसलो, त्यासाठीच तर पैसे भरले होते. तीही हसली. मला ती आवडली. फार आवडली.

तिचे वडील म्हणाले, पुढच्या रविवारी सुपारी फोडू. आई डोळ्यांना पदर लावून रडली.

पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? गाडी दारात उभी आहे. दुकानातली सगळ्यात भारी तांब्याची कळशी देतो. बांधून येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पेपरात गुंडाळली. सुतळीचे चार वेढे दिले. गाठ मारली. आणि तोडली.

दाताने.

दुखलं नाही. फक्त तोंडात एकदम वारा शिरला. दात सुतळीच्या टोकाला धाग्यांत अडकून लोंबत होता. मी हात घालणार, तेवढ्यात तिच्या वडिलांनी कळशी काखेत मारली आणि गाडीत बसले. मी तोंडावर रुमाल धरून दुसऱ्या हाताने निरोप दिला. आई सगळ्यांना म्हणाली, पोरगं लई हळवं हाय.

शिवकन्या काउंटरपाशीच उभी होती. पण तिचं लक्ष बहुतेक डब्यांकडे होतं.

११ फेब्रुवारी
पाटोद्याचा फोन नाही. चांगल्या घरात घाई नसते.

बीडच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, निघालेला दात घेऊन लगेच या, स्क्रू हलला का बघावं लागेल. दात कुठून आणू? मामांना सहज विचारलं, तिकडे कळशीची सुतळी सोडली का? मामा म्हणाले, “तू कळशीचं कावून इचारतो बे? पोरीचं इचार की.”

१३ फेब्रुवारी
अजून नाही. शाळेत परीक्षा असणार. दात सापडला तरी तो कुणाचा, हे कसं कळणार? कळशीत आधीपासून असू शकतो.

मास्क लावून दुकानात बसतो. आई विचारते, तर सर्दी म्हणतो.

१५ फेब्रुवारी
उद्या सुपारी. नवा शर्ट इस्त्री करून आणला. आईने दारातली जागा सारवून घेतली. मामा फोन उचलत नाहीत. तयारीत असतील.

१६ फेब्रुवारी, रविवार
मामा आले. एकटे. हातात कळशी.

पेपर तसाच. सुतळी तशीच. टोकाला माझा दात. दिलेली वस्तू न उघडता परत आली की काय समजायचं, ते इथे सांगावं लागत नाही. आईने पाणी आणलं, मामांनी घेतलं नाही. शिवकन्याचा निरोप खाली बघत सांगितला: “दाताचं काही न्हाई म्हणली. मी कानाचं सांगितलं, तवा त्यांनीबी सांगायचं व्हतं.”

मी मामांना समजावलं की तिने फक्त कानासारखं काही आहे का, असं विचारलं होतं. माझे कान उत्तम आहेत. मामा उठून गेले.

मग मी मास्क काढला. आईने पहिल्यांदा तो खड्डा पाहिला. म्हणाली, मला तरी सांगायचंस. मी नवा शर्ट घालून तिच्यासमोर रडलो.

नंतर ती कळशी मांडीवर घेऊन गाठ सोडत बसली. गाठ माझी, सुटेना. तिची बोटं दुखायला लागली. म्हणाली, कात्री दे.

मी सुळ्याने तोडून दिली.